पंचा, पट्टा आणि बुडापेस्ट

बुडापेस्ट एका दिवसात कसं पाहावं, याचं उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मित्राकडे छापील तक्त्यात तयार होतं. मित्र जन्माने सदाशिव पेठेतला आणि नोकरीने जर्मनीतला. या दोन संस्कृतींचा संकर झाला की डॅन्यूबवरच्या साखळीपुलाच्या वाट्याला बारा मिनिटं येतात आणि त्यांतली चार फोटोंना जातात. एप्रिलमधला रविवार होता, झाडांना नुकती पालवी फुटली होती आणि तक्त्यातली पहिली ओळ होती : ‘८ ते ९.१५, सेचेनी स्नानगृह.’

“मी आंघोळ करून आलोय,” प्रस्तुत लेखक म्हणाला.

“ही ती आंघोळ नाही.”

“मग नंतर परत करावी लागेल का?”

मित्राने उत्तर दिलं नाही. तक्त्यात संभाषणाला वेळ ठेवलेला नव्हता.

इथे प्रस्तुत लेखकाची थोडी माहिती देणं भाग आहे. चष्म्याचा नंबर उणे सहा, आणि ती वजाबाकी भरून काढणारं पोट. मुंजीनंतर चारचौघांत उघड्या अंगाने वावरण्याचा प्रसंग त्याच्यावर आलेला नाही. आंघोळ दाराला कडी लावून, बादली-तांब्याच्या साक्षीने उरकायची असते आणि तिचा सामाजिक भाग म्हणजे बाहेरून कुणीतरी “आटपलं का?” म्हणून ओरडणं, एवढाच, यावर त्याची श्रद्धा आहे. परदेशी जाताना तो टॉवेलऐवजी पंचा नेतो, कारण पंचा लवकर वाळतो. ओला झाल्यावर पंच्याचं काय होतं, याचा विचार घरच्या न्हाणीघरात कधी करावा लागलेला नव्हता.

स्नानगृहाला जाणारी मेट्रो १८९६ सालची आहे. मग्यार टोळ्या या मुलखात आल्याला हजार वर्षं झाली, म्हणून त्या वर्षी शहराने स्वतःला ही भेट दिली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली भुयारी रेल्वे. ती आंद्राशी रस्त्याच्या अगदी पोटाशी धावते, त्यामुळे एक जिना उतरला की फलाट येतो. पांढऱ्या फरशा, हिरवे लोखंडी खांब आणि इतकं बुटकं छत, की पाच फूट चार इंचांच्या प्रस्तुत लेखकाला आयुष्यात प्रथमच आपण उंच असल्याचा भास झाला. हा दिवसातला शेवटचा अभिमानाचा क्षण.

सेचेनी स्नानगृह बाहेरून पाहिलं तर आत न्हातात यावर विश्वास बसत नाही. पिवळ्या भिंती, घुमट, पुतळे. आत राज्यपाल राहत असावेत. ग्योझो त्सिग्लर या वास्तुकाराने त्याचा आराखडा केला, पण ते उघडलं १९१३ साली आणि त्सिग्लर १९०५ मध्येच वारला होता. (त्याच १९१३च्या जानेवारीत याच शहरात अमृता शेर-गिल जन्मली, जिने पुढे अजिंठा पाहून आपल्या चित्रांची दिशा बदलली. प्रस्तुत लेखकाने ही माहिती मित्राला ऐकवली. मित्राने “अजिंठ्याला पार्किंग आहे का आता?” असं विचारलं.) पाणी मात्र इमारतीपेक्षा जुनं. विल्मोश झिग्मोंदी नावाच्या खाणअभियंत्याने १८६८ पासून १८७८ पर्यंत चिकाटीने जमिनीत भोक पाडलं आणि सुमारे ९७० मीटरवर ७४ अंशांचं पाणी काढलं. आमच्याकडे वज्रेश्वरीला, उन्हेऱ्याला, राजापूरला गरम पाणी आपलं आपण वर येतं आणि आम्ही त्याच्याकडे कपडे धुण्याची सोय म्हणून पाहतो. तिथे त्यासाठी दहा वर्षं खोदलं आणि वर राजवाडा बांधला. त्याआधी १५४१ ते १६८६ बुडावर तुर्कांचं राज्य होतं. त्यांनी येताना घोडे आणले आणि जाताना हमामखाने ठेवून गेले.

काटकसर म्हणून मित्राने दोघांत एकच केबिन घेतली. मनगटाला बांधायचा रबरी पट्टा मिळाला. तोच तिकीट, तोच किल्ली. मित्राच्या डाव्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणि उजव्यावर मागच्या वर्षीच्या सत्यनारायणाचा दोरा; पट्टा त्या दोऱ्यावर, जरा सैलसर. चष्मा प्रस्तुत लेखकाने केबिनमध्ये काढून ठेवला, कारण वाफेत काचा धुरकटतात. घरून आणलेली लसणाच्या चटणीची पुडीही मित्राच्या कोटाच्या खिशात तिथेच राहिली. आणि दोघं बाहेर आले.

हवा जेमतेम दहा अंश. कुंडांवरून वाफा निघत होत्या आणि त्या वाफांत जाड झग्यांतून नागरिक ये-जा करत होते. पंचा फक्त एकाच इसमाच्या अंगावर होता. पण ३८ अंशांच्या कुंडात मानेपर्यंत शिरल्यावर त्याला एक गोष्ट मनापासून पटली : पाण्यात सगळे सारखेच दिसतात, निदान चष्म्याशिवाय. कोपऱ्यात छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. पट काठावर, मोहरी कोरडी, खेळाडू ओले. एकेका चालीला इतका वेळ लागत होता, की बोटांच्या सुरकुत्या मोजून डाव किती चालला ते सांगता आलं असतं. इथेच दिवस घालवावा, असं प्रस्तुत लेखक म्हणणार होता.

पण तक्त्यात ८.४० ते ८.५५ ‘भोवरा’ असं होतं.

दुसऱ्या कुंडात मधोमध एक गोल वाट आहे. तिच्यात पाण्याचा जोर सोडतात आणि आत शिरलेला माणूस वयाचा, हुद्द्याचा मुलाहिजा न राखता गरागरा वाहून नेला जातो. सगळे खिदळत होते. मित्रही पहिल्या फेरीत खिदळला, दुसऱ्या फेरीत हात वर करून ओरडला आणि तिसऱ्या फेरीत त्या वर केलेल्या हाताकडे पाहून गप्प झाला. दोरा होता. पट्टा नव्हता.

“लेका, पट्टा गेला!”

“कुठे?”

हा प्रश्न अगदीच निरर्थक होता, कारण उत्तर देईपर्यंत मित्र पुन्हा दिसेनासा झाला. त्यानंतर जे झालं ते लग्नघरात हरवलेली चप्पल शोधण्यासारखं होतं, फक्त इथे मांडवच फिरत होता. मित्र बुडी मारायचा, भलत्यांच्या पायांमधून वर यायचा, “पार्डन” म्हणायचा, पुन्हा वाहून जायचा. प्रस्तुत लेखकाला कठड्याला धरून ‘लक्ष ठेवायला’ सांगण्यात आलं. उणे सहा नंबरला लक्ष ठेवणं म्हणजे काही गुलाबी आकार आणि काही जास्त गुलाबी आकार यांच्यात फरक करणं. त्यातला ओळखीचा वाटणारा एक आकार जवळ आला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने त्याचा खांदा घट्ट धरून विचारलं, “मिळाला का रे?” आकाराने हंगेरियनमध्ये सविस्तर आणि प्रेमळ उत्तर दिलं. “चेष्टा पुरे झाली,” असं दरडावल्यावर त्याने आणखी सविस्तर उत्तर दिलं आणि प्रस्तुत लेखकाच्या पाठीवर थाप मारली. खरा मित्र तेव्हा पलीकडे एका आजींच्या फुलाफुलांच्या टोपीची माफी मागत होता.

सगळं शहर त्या क्षणी प्रस्तुत लेखकापासून एका पट्ट्याच्या अंतरावर होतं : पँट, पासपोर्ट, पैसे, दृष्टी. काठावर पंचा होता, आणि तोही कुणाच्या तरी पायपुसण्याच्या कामी आलेला.

शेवटी बुद्धिबळवाल्यांपैकी जर्मन येणाऱ्या एका म्हाताऱ्याने निकाल दिला : गेला तो गेला, आत जाऊन सांगा. हे सांगताना त्याने हातातलं प्यादं आतल्या दाराकडे रोखलं आणि मग ते पटावर भलत्याच घरात ठेवलं, त्यावरून तिथे वेगळंच भांडण सुरू झालं.

ओला पंचा गुंडाळून दहा अंशांच्या वाऱ्यात उभं राहिल्यावर पंच्याची घनता किती कमी असते, ते कळतं. आत पांढऱ्या पोशाखातल्या बाई भेटल्या. त्यांनी केबिनचा नंबर विचारला. मित्राला त्यात एक दोन होता एवढं आठवत होतं. प्रस्तुत लेखकाने खूण सांगितली : “डावीकडे, पांढरं दार.” बाईंनी बोळाकडे हात केला. बोळभर डावीकडे पांढरी दारं होती. उजवीकडेही.

मग आत काय काय आहे ते सांगा, म्हणजे उघडून खात्री करते, असं बाई म्हणाल्या असाव्यात. मित्राने जर्मनमधून दोन पँटी, दोन कोट, एक चष्मा अशी यादी दिली. बोळातल्या कुठल्याही केबिनला ती लागू पडली असती.

“चटणी सांग,” प्रस्तुत लेखक कुजबुजला.

“गप्प बस.”

“लसणाची चटणी सांग. दुसऱ्या कुणाकडे नसेल.”

मित्राला ते जर्मनमधून सांगायचा धीर झाला नाही. पण गरज पडली नाही. बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालत होत्या, एका दारापाशी आपोआप थबकल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, “पाप्रिका?”

केबिनच्या उबेत पुडीचा दोरा सुटला होता आणि चटणी मित्राच्या कोटाच्या खिशात सांडली होती. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी ती गोव्यात उतरवली, तुर्कांनी हंगेरीत. आमच्याकडे तिला लसूण-खोबरं भेटलं. त्यांच्याकडे सेगेद गावाच्या पाप्रिकातून आल्बेर्त सेंट-ग्योर्गी यांनी जीवनसत्त्व क भरपूर प्रमाणात वेगळं काढलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या चटणीला अजून काही मिळालेलं नाही. बाईंनी बोटावर चिमूटभर घेऊन चाखली, डोळे मिटले, काहीतरी लांबलचक आणि कौतुकाचं बोलल्या. मग हरवलेल्या पट्ट्याची पूर्ण भरपाई पावतीसह वसूल केली.

कपडे घालून बाहेर पडेपर्यंत दुपारचा दीड वाजला होता. तक्ता भिजून एकजीव झाला होता. मग संसदभवन ट्रामच्या खिडकीतून पाहिलं : ६९१ खोल्या, ९६ मीटर उंच घुमट. संत स्टीफनच्या बॅसिलिकाचा घुमटही बरोबर तेवढाच, कारण मग्यार इथे आले ते इसवी सन ८९६ मध्ये, आणि देव व सरकार यांना या आकड्याचा सारखाच मान हवा. साखळीपुलाला बारा मिनिटं मिळाली नाहीत. मित्र खिडकीतून हताशपणे घड्याळाकडे बघत होता. त्याच्या कोटाच्या वासाने शेजारची बाई दोनदा जागा बदलून बसली.

संसदेजवळ उतरून दोघं नदीकाठाने चालू लागले, ते निव्वळ वाद घालायला. वाद अर्ध्यात थांबला. काठाच्या दगडावर बूट होते. लोखंडाचे, साठ जोड, १९४० च्या सुमाराच्या धाटणीचे : बायकांचे टाचेचे, कामगारांचे झिजलेले, लहान मुलांचे. ज्यान तोगाय आणि शिल्पकार ग्युला पाउएर यांनी २००५ साली केलेलं हे स्मारक. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट संघटनेच्या लोकांनी ज्यूंना या काठावर उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. माणसं नदीत गेली. बूट मागे ठेवले, कारण बुटांना किंमत होती.

एका लहानग्या बुटात कुणीतरी पिवळं फूल खोचलं होतं. मित्र उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. शेजारी एक तरुण आपला पांढरा चकचकीत बूट लोखंडी बुटाला लावून फोटो घेत होता. पाय हलवून हलवून, मनासारखा येईपर्यंत. प्रस्तुत लेखकाला त्याला नदीत ढकलावंसं वाटलं, आणि हे कुठल्या जागी वाटतंय ते लक्षात येऊन तो दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. पंच्याबद्दलचा एक विनोद त्याने तेवढ्यासाठी गिळला. तो नंतरही सुचला नाही.

किल्ल्यावर सोळा नंबरच्या बसने जाता येतं. वर तोत आर्पाद फिरण्याच्या रस्त्यावर चेरी फुलली होती. झाडं सुंदर होती, माणसं जास्त होती. प्रत्येक फांदीखाली एक नवरी, एक छायाचित्रकार आणि वैतागलेली आई. मित्राने एका बाकावर बसून तक्त्याची मागची कोरी बाजू वाळवली, पेन काढलं आणि सोमवारचा कार्यक्रम लिहायला घेतला. पहिली ओळ : ‘८ ते ९.१५, रुदश हमाम.’ सोळाव्या शतकातला, तुर्कांनी बांधलेला, घुमटाखाली अष्टकोनी कुंड.

“उद्या सोपं आहे,” तो म्हणाला. “सोमवारी फक्त पुरुष असतात. पोहण्याचे कपडेसुद्धा लागत नाहीत, तेच एक पांढरं फडकं देतात पुढे बांधायला.”

“पुढे,” प्रस्तुत लेखक म्हणाला. “आणि मागे?”