साडेचौदा मुलाखती

चाकणच्या कंत्राटी कामगारांवर प्रबंध लिहायचा ठरला, तेव्हा मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "किती जणांच्या मुलाखती घेणार?"

"१२," मी ठासून सांगितलं. २००६ साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या तिघांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती चाळून दाखवलं होतं की, बाराव्या मुलाखतीनंतर फारसं नवं हाती लागत नाही. आमची आजी हेच एका शितावरून सांगायची.

"घानाचं माप चाकणला बसेल?" मॅडम म्हणाल्या. मी गप्प. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी तर १९६७ साली आकडा दिलाच नाही. नवं निघेनासं झालं की थांबा, म्हणाले. माझी शिष्यवृत्ती मात्र मार्चअखेर थांबणार होती.

भोसरीत क्वालिटीला असलेल्या मित्राला गाठलं. "लॉट केवढा? तक्ता बघायचा, तेवढे नग उचलायचे." माणसं आहेत म्हटल्यावर जरा घुटमळला. "मग रिजेक्शन कुठं टाकणार?"

शेवटी निघालो. दिवस गुरुवारचा, म्हणजे सुट्टीचा. तळेगाव चौकात पाऊण तास गेला. नमुन्याचा आकार हा चौक ठरवतो, हे पद्धतिशास्त्राच्या एकाही पुस्तकात नाही.

खराबवाडीतली खोली दहा बाय दहाची, माणसं सहा. चार्जर एक, त्याला रांग. कोपऱ्यात तिसरी शिफ्ट करून आलेला एक जण डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला. मी वाशिमच्या पोराला विचारलं, "पगार कधी होतो?"

"सात तारखेला, सर."

"दहा," पांघरूण बोललं.

"ओटी डबलनं मिळतो?" कायद्यात दुप्पटच आहे.

"हो सर."

"सिंगल."

पोरगं माझ्या वहीकडे बघत राहिलं. मी आधीचं खोडून पांघरुणाचं लिहिलं. पुढची वीस मिनिटं उत्तरं त्यानंच दिली, बहुतेक एकेका शब्दात. तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही.

मार्चात मॅडमनी तक्ता पाहिला. "साडेचौदा? हा अर्धा कोण?"

"झोपलेला होता."

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "बाकीचे चौदा राहू द्या. याची संमतिपत्रावर सही आणा आधी."

तीन खेपा झाल्या. आता त्याची पहिली शिफ्ट लागली आहे. मी पोचतो तेव्हा पांघरूण घडी करून ठेवलेलं असतं.