एका लायसन्सवर चार कॉम्प्युटर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम मन पक्कं करा. आपण चोरी करत नाही आहोत. वस्तू रीतसर विकत आणली आहे, पक्कं बिल आहे, जीएसटी भरलेला आहे. घरात आणलेली वस्तू सगळ्या घराची, तसं दुकानात आणलेलं सॉफ्टवेअर सगळ्या दुकानाचं. कंपनी म्हणते की तुम्ही सॉफ्टवेअर घेतलंच नाहीत, ते वापरायची परवानगी तेवढी घेतलीत, तीही एका कॉम्प्युटरपुरती. हे ज्या करारात लिहिलंय त्याच्याखाली 'आय ॲग्री' तुम्हीच दाबलंय. तो करार नवशिक्याने वाचू नये. वाचला तर पुढच्या पायऱ्या वाचायचं कारण उरत नाही.

हे मार्गदर्शन तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानासाठी आहे, म्हणजे लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स. अशा दुकानात पहिली गाठ पडते ती डोंगलशी. श्रीलिपीसारख्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर तो येई. पूर्वी तो कॉम्प्युटरच्या मागे पॅरलल पोर्टला बसायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत खोचायची. पुढे यूएसबीचा आला. सॉफ्टवेअर चारही मशीनवर टाका, चालणार तिथेच जिथे डोंगल आहे. तेव्हा शिकायचं आहे ते डोंगल फिरवायला.

नियम पहिला: काढण्याआधी ओरडावं. "काढू का?" पलीकडून "थांब, सेव्ह करतोय" असं उत्तर आलं की थांबावं. काही उत्तर आलं नाही तरी थांबावं, कारण तो चहा प्यायला गेलेला असतो आणि आहेराची टीप अर्धी टाइप केलेली असते. नियम दुसरा: डोंगलला लांब नाडी बांधावी, जमल्यास लाल. ऐन लग्नसराईत जेवायला घरी गेलेल्या ऑपरेटरच्या खिशात डोंगल सापडला, की दुकानात जे बोललं जातं ते छापता येत नाही. नियम तिसरा: रोज दहा वेळा काढ-घाल करून कॅबिनेटचा पुढचा पोर्ट सैल होतो. मग डोंगलखाली पत्रिकेच्या कटिंगमधला जाड कागद दुमडून सरकवावा. सोनेरी कार्डाचा तुकडा नीट बसतो, साधा मॅपलिथो दबतो.

डोंगल नसलेल्या, फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडू नये. हे जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हेत. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. त्यामुळे गणपतीच्या नावाऐवजी डॉलर, स्वल्पविराम आणि उलटेसुलटे रोमन वर्ण येतात. समोर मुलीचे वडील बसलेले असतील तर स्क्रीन वळवून घ्यावा.

हिशेबाचं काम टॅलीवर. त्यात सिल्व्हर एका माणसापुरतं. गोल्डवर एका ऑफिसच्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना काम करता येतं, आणि त्याची किंमत साधारण तिप्पट. चौघांनी चार सिल्व्हर घेतली तर चौपट, एक गोल्ड घेतलं तर तिप्पट. हे गणित शेठना सांगून पाहायला हरकत नाही. शेठचं गणित वेगळं असतं: एक सिल्व्हर घेतलं तर एकपट. शिवाय त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असतं की टॅलीचं लायसन्स एका मशीनवरून सरेंडर करून दुसऱ्यावर ॲक्टिव्हेट करता येतं. येतंच. ती सोय कॉम्प्युटर बदलणाऱ्यासाठी आहे, तासातासाला खुर्ची बदलणाऱ्यासाठी नव्हे, पण शेठना हे सुनवायचं कोणी?

विंडोज सोपं आहे. कॉम्प्युटरबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्याच्याच मदरबोर्डाला बांधलेलं असतं, तिथून हलत नाही. उरलेल्या तीन मशीनवर उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' हे फिकट वाक्य दिसेल. गिऱ्हाइकाने विचारलं तर नवीन व्हर्जन आहे म्हणून सांगावं.

अँटिव्हायरसचा मात्र तीन युजरचा पॅक मिळतो, म्हणजे इथे एका खरेदीत तीन कॉम्प्युटर खुद्द कंपनीच्या संमतीने चालतात. अनुभव असा की त्यातला एक मेव्हण्याच्या लॅपटॉपवर जातो आणि दुकानातली दोन मशीन तशीच राहतात.

क्रॅकचा मार्ग या पुस्तिकेत नाही. पेनड्राइव्ह घेऊन येणारा तो मुलगा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. रात्री यायचंय, कुत्रा बांधून ठेवा, असं कळवणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो?

आता कायद्याबद्दल थोडं, फार नको. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यातलं 63 ब हे कलम 1994 च्या दुरुस्तीने आलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण आपलं तर दुकान आहे. त्याच कायद्यात प्रत हरवण्या-बिघडण्याच्या भीतीने बॅकअप काढून ठेवायला मुभा आहे. तेवढ्यावरून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कॉम्प्युटरला बॅकअप म्हणण्याची प्रथा पडली. बॅकअपवर बसून सकाळपासून पत्रिका लावणारा ऑपरेटर कोणाला दिसू नये, एवढं पाहावं.

राहता राहिला चारशे कॉम्प्युटरांवर टाकलं तरी कोणी विचारणार नाही असा माल. लिबरऑफिस आहे, पानं लावायला स्क्रायबस आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता फॉन्ट खुल्या लायसन्सखाली आहे. शेठना विचारलं तर म्हणतात, फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार. ऑपरेटर म्हणतो, हात पेजमेकरवर बसलाय. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, ती आली 2001 साली, आणि तिला युनिकोड कळत नाही. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सॲपवर, मोबाइलवर टाइप केलेला, म्हणजे युनिकोडमध्येच. तो चारही मशीनवर फुकटात स्वच्छ दिसतो. मग तो कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये उतरवायचा, आणि त्यासाठी डोंगल मागायचा.