चांदणी चौक ते ताम्हिणी : एक शिलालेखीय समस्या

आपल्या पुराभिलेखविद्येने ताम्रपट लावले, लेण्यांतली ब्राह्मी उलगडली. पौड रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभ्या असलेल्या वाङ्मयाकडे मात्र तिने पाठ फिरवली. ती उणीव येथे भरून काढली आहे.

आधी पूर्वपरंपरा. वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला चंद्रसूर्य, म्हणजे कीर्ती तोवर टिकेल याची हमी. वाढदिवसाचा फ्लेक्स वरून खाली वाचतात. माथ्याला चंद्रसूर्यांच्या जागी गोलांत बसवलेले नेते, मध्ये गॉगल लावलेले उत्सवमूर्ती, तळाशी शुभेच्छुकांची दाटी. मग लढाई कुठे गेली, असा आक्षेप विद्वान घेतील. लढाई फ्लेक्सच्या जागेवरून होते. ती छापत नाहीत. हमी पुढच्या वाढदिवसापर्यंत.

दुसरा प्रकार गद्धेगळ. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये म्हणून शिलाहारकाळात, मुख्यतः कोकणात, शिळेवर गाढवाचे चित्र कोरीत. त्या चित्राचे वर्णन कौटुंबिक अंकात करता येत नाही. शापाची ही योजना घाटमाथ्यावर कमी पडली असावी. १८९४ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा त्याला कुठल्याही गाढवाने अडवले नाही.

या कायद्याच्या आधाराने मुळशी पेट्यातल्या जमिनी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी घेतल्या जाऊ लागल्या, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. पुढारी पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे. बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. तीनेक वर्षे लढा चालला, तुरुंग भरले, आणि धरण झालेच. भाताची खाचरे बुडाली. पूर्वेकडे पुण्याला जाणारे मुळेचे पाणी पश्चिमेला वळून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले, वीज मुंबईला गेली. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर आख्खे पुस्तक लिहिले. पुण्याने आपल्या परीने सेनापती बापटांच्या नावाने एक रस्ता दिला आणि लगेच त्याचा ‘एस. बी. रोड’ करून टाकला. तिथल्या कचेऱ्यांचे एसी दिवसभर चालू असतात, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

मग मुळशीत या लढ्याचा खरा स्मृतिफलक कोणता? पिरंगुट सोडल्यावर एक शिळावर्ग वाढीला लागतो : ‘एन. ए. प्लॉट, स्वतंत्र सातबारा, लेकव्ह्यू’. प्रस्तुत प्रबंधकाराच्या मते हाच तो फलक. सातबारा वाचवण्यासाठी आजोबा तुरुंगात गेले, तो येथे गुंठ्यागुंठ्याने मिळतो. आणि ज्या पाण्याविरुद्ध ते गेले, त्याच्या दर्शनाचे वेगळे पैसे पडतात. नातवांनी जमिनी विकल्यावर पुढे काय झाले, ते प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने २०१८ साली सांगितले, तेही तिकीट लावून. त्यामुळे प्रत्येक पिढीचा इतिहास कुणी ना कुणी नोंदवतोच, असे म्हणायला हरकत नाही.

क्षेत्रीय अभ्यासकांसाठी सूचना : या शिळांचे ठसे घेण्याची गरज नाही. फलकावर मोबाइल क्रमांक असतो, आणि रविवारी साइट व्हिजिटला गाडी फुकट येते.