अधूनमधूनवाले काका

कुवेतच्या शर्क भागातल्या कुठल्याही मोठ्या कचेरीत एक मराठी काका हमखास सापडतात. तिथला अल-हमरा टॉवर 2011 साली उभा राहिला. काका त्याच्या पायाच्या खड्ड्यापासूनचे साक्षीदार. हुद्दा अकाउंटंट, बिऱ्हाड साल्मियाला नाहीतर अब्बासियाला. 'मी प्रेमकथा वगैरे वाचत नाही,' हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, 'अधूनमधून, हाताशी आली तर.'

ती हाताशी येते कशी? काकू सुटीवरून परतताना बॅगेत गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट आणि उरलेल्या वजनात कादंबऱ्या कोंबतात. काकू सतत वाचतात, म्हणून त्यांना कुणी मत विचारत नाही. मत काकांकडे असतं. वर्षाकाठी दीड कादंबरी वाचणाऱ्याचं मत फार पक्कं असतं, त्याला दुसऱ्या कादंबरीचा धक्काच लागत नाही.

शुक्रवारी सकाळी सूक शर्कच्या मासळी बाजारात काकू झुबैदीचा भाव करत असतात. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, आणि भाव करायला दोघांनी जायचं नसतं. काका बाहेर गाडीत, एसी चालू, पुस्तकाला शाळेतल्यासारखं ब्राउन पेपरचं कव्हर. खुणेला मनी एक्स्चेंजची पावती. हातात पेन्सिल, कारण आकडे तपासल्याशिवाय पान उलटायची सवय नाही.

यंदाची कादंबरी हलकीफुलकी होती. पुण्यातला मुलगा, पुण्यातलीच मुलगी, पार्किंगवरून भांडण, मग कॉफी, मग गैरसमज, मग लग्न. काकूंनी ती आल्या आल्या संपवली आणि 'छान आहे' म्हणून ठेवून दिली. काकांच्या हातून गेल्यावर तीच प्रत ऑडिट झाल्यासारखी दिसते. नायक चौथ्या वर्षी नोकरी सोडून कॅफे काढतो, तिथे समासात शेरा: 'पाच वर्षंही नाहीत. इन्डेम्निटी निम्मीच.' इन्डेम्निटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, आणि हा कुवेतचा कायदा झाला. पुण्यात पाच वर्षं भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी सहसा हातीच लागत नाही, असं काकूंनी सांगितल्यावर तर ते नायकावर आणखी उखडले. पुढे कॅफेची जमेची बाजू पाहून लिहिलंय, 'याला फॅमिली व्हिसा मिळणार नाही.' 2024 साली कुवेतनं फॅमिली व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा पगाराची अट 800 दिनारांची होती. ती अट काका आता जगातल्या यच्चयावत प्रियकरांना लावतात.

एका पानावर नायक शुक्रवारी ऑफिसला जातो. तिथे मोठं प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याच्यावर मारलेली काटही. इथे शुक्रवारी सुटी असली तरी तिकडे ऑफिस असतं, हे आठवायला काकांना वेळ लागला असावा.

पावसाचं प्रकरण त्यांना मुळीच पटलं नाही. दोघं एका छत्रीत सिंहगड रस्त्यावर भिजत उभे, पाच पानं. काकांच्या डोळ्यांपुढे 2018 चा नोव्हेंबर. त्या पावसानं कुवेतमधले रस्ते तुंबले, शाळा-कचेऱ्या बंद राहिल्या, बांधकाम खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला. 'पावसात गाडी बंद पडते, प्रेम कसलं सुचतंय!' असं ते इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी म्हणाले. त्याच टेबलाशी त्यांनी सध्याच्या प्रेमकथांना अळणी ठरवलं. 'आमच्या वेळच्या प्रेमकथा सुप्रीम कोर्टात जायच्या!' म्हणजे चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा'. 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली ही कथा अश्लील ठरवून खटला झाला आणि 1969 साली सुप्रीम कोर्टानं ती अश्लील नसल्याचा निकाल दिला. काकांनी तो निकाल इतक्या अभिमानानं सांगितला, की वकीलपत्र त्यांचंच होतं असं वाटावं. 'श्यामा' वाचलीत का, असं विचारल्यावर त्यांनी बिस्कीट उचललं.

खरा राग मात्र गैरसमजाच्या प्रकरणावर. नायिका नायकाला बहिणीबरोबर पाहते, बहीण आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि दोघं चाळीस पानं बोलत नाहीत. या चाळीस पानांच्या समासात पेन्सिल अक्षरशः रुतली आहे. 'फोन कर.' पुढच्या पानावर, 'अरे फोन कर!' त्यापुढे नुसतं, 'गाढव.'

याचं कारण काकूंनी सांगितलं. काकांचं लग्न एका सुटीत उरकलं: पहिल्या आठवड्यात कांदेपोहे, तिसऱ्यात अक्षता, आणि नवरदेव विमानात. काकूंच्या व्हिसाचे कागद होईपर्यंत त्या नाशिकला, काका इथे. फोनला मिनिटामिनिटाला पैसे पडायचे. काका बोलायचे मुद्दे आधी कागदावर लिहून काढायचे, एक ते सात. सहावा मुद्दा दर वेळी 'जेवलीस का', आणि सातव्याला पैसे संपायचे. सातवा काय असायचा, ते काकूंनी आम्हाला सांगितलं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, 'पगाराचं असेल काहीतरी.'

अशा माणसासमोर फुकटचा व्हॉट्सॲप हातात असून चाळीस पानं रुसणारा नायक आणल्यावर दुसरं काय होणार? मला विचाराल तर या एका मुद्द्यावर काका बरोबर आहेत. हलक्याफुलक्या प्रेमकथा लिहिणाऱ्या निम्म्या लेखकांना गैरसमजाशिवाय मधली पानं भरता येत नाहीत, आणि हा आळस समीक्षकांऐवजी शर्कमधल्या एका अकाउंटंटनं पकडला.

बाकी शेरे सोडून द्यावेत. 'शेवट दहाव्या पानालाच कळला' असं म्हणणाऱ्या काकांनी, तो तसाच होतो की नाही हे पाहायला, गुरुवारी रात्री दोन वाजेपर्यंत हॉलमधला दिवा चालू ठेवला होता. शेवटच्या पानावर ताळेबंदाखाली मारतात तशी दुहेरी रेघ आहे आणि लिहिलंय, 'ठीक. 10 पैकी 6.' सहाच्या अलीकडे मागाहून 'साडे' घातलेलं आहे, वेगळ्या पेन्सिलीनं.

तर मुंबईहून कुवेतला येणाऱ्या कुणाच्या बॅगेत जागा असेल, तर या कादंबरीचा दुसरा भाग निघाला आहे, तो घेऊन या. मसाल्याच्या खाली ठेवलात तरी चालेल. मागवला कुणी म्हणून विचारलं, तर काकूंचं नाव सांगा.