घरची मजुरी कोण धरतं?

उद्योजकता शिकवायची म्हटलं की आपल्याकडे आधी मंडप लागतो. मग बॅनर, मग पाहुणे, मग प्रमाणपत्र. तिवसा तालुक्यातल्या एका पोराच्या फायलीत अशी तीन प्रमाणपत्रं पाहिली. घरात हिशेबाची वही मात्र बापाचीच होती.

बाहेर काय शिकवतात पाहा. जर्मनीच्या मदतीने २०१० पासून घाना, नायजेरिया, कॅमेरूनमध्ये कोको पिकवणाऱ्यांच्या व्यवसायशाळा सुरू झाल्या. तिथला धडा साधा. तुझ्या पिकाला खर्च किती आला, हातात किती पडले, उरलं काय?

स्वीडनच्या मालक संघटनेने सत्तरच्या दशकात छोट्या धंदेवाल्यांसाठी पाठ तयार केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ते सोपे करून आफ्रिकेत नेले. सोपे करून! आपल्या शिबिरात 'स्टार्टअप'च्या पुढे मराठी शब्द किती ऐकू येतात?

आणि सगळं युरोपानेच शिकवावं असंही नाही. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. नागपूरच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकेतले जिनिंगवाले शिकून गेले. ते समुद्र ओलांडून आले. तिवशाहून नागपूर दोन-अडीच तास. आपली किती पोरं गेली?

गेली असती तर कळलं असतं. क्विंटलभर कापसातून रुई निघते तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी. तिचं तेल निघतं, ढेप होते. कापूस विकून परतणारा शेतकरी म्हशीसाठी ढेपेचं पोतं विकत घेतो.

आपल्याच शेतातली ढेप.

आता त्या बापाच्या वहीकडे येऊ. बियाणं, डीएपी, फवारणी, वेचणीच्या बाया, गाडीभाडं, सगळं तारीखवार. अक्षर सुरेख. नवरा-बायको वर्षभर राबले त्याची ओळ नाही. विचारलं, तर म्हणाले, "घरच्या माणसाची मजुरी कोन धरते भाऊ?"

सरकार धरतं! हमीभावाच्या हिशेबात खिशातून गेलेल्या खर्चावर कुटुंबाच्या श्रमाचं मोल चढवलं जातं. दिल्लीच्या कागदावर ज्या घामाची किंमत लागते, ती घरच्या वहीत शून्य. मग नफा झाला की तोटा, हे कशावरून ठरवायचं? पोराने धंदा काढला तर तोही बापासारखाच मांडणार ना?

मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पेन घेतला. 'घरची मजुरी' एवढं लिहिलं आणि थांबले. मग आत बायकोला हाक मारली.

वेचणीचे दिवस किती झाले, ते तिलाच पाठ होतं.