कारणे दाखवा

लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही जुन्या साडीच्या दुकानात जा. पांढऱ्या गादीवर बसलेल्या सात-आठ बायकांसमोर एक मिशीवाले गृहस्थ उभे असतात. शर्ट-पँटवरूनच त्यांनी साडी गुंडाळलेली असते, बोटांनी भराभर निऱ्या घातलेल्या असतात, डाव्या खांद्यावर पदर घेतलेला असतो. अर्धवट वळून ते पाठीवरचे मोर दाखवत असतात. “ताई, पदर बघा. अंगावर कसा पडतो ते बघा.” ताई बघतात. ताईंच्या सासूबाई चष्मा लावून बघतात. कोपऱ्यात पिशव्या राखत बसलेले ताईंचे यजमान मोबाइलमधून मान वर काढतात, “त्यापेक्षा मघाशी घातलेली हिरवी बरी दिसत होती” असं म्हणून पुन्हा खाली घालतात. कुणाला काही वावगं वाटत नाही. हे गृहस्थ दिवसभर साड्या नेसतात, सोडतात, घड्या घालतात, संध्याकाळी दुचाकीला किक मारून घरी जातात, आणि घरचं कुणी मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर शोधत बसलेलं नसतं.

आता त्याच दुकानात गादीच्या अलीकडे बसलेल्या एखाद्या पुरुषाने म्हणावं, “तीच साडी द्या. मला नेसायला हवीय.” छताचा पंखा तेवढा फिरत राहील. बाकी सगळं थांबेल.

माणूस पुरुषच, साडी तीच, मिशीसुद्धा बहुधा तशीच. फरक एवढाच की पहिल्याकडे कारण आहे: त्याला पगार मिळतो. आपण मराठी माणसं साडीतल्या पुरुषाला नाकारतो असं म्हणणं हा आपल्यावर अन्याय होईल. आपण त्याला फक्त ‘कारणे दाखवा’ नोटीस बजावतो. नाटक आहे? चालेल. नवस आहे? हात जोडू. विनोद आहे? शिट्ट्या मारू. नोकरी आहे? पदर बघू. ‘मला आवडतं’ ह्या कारणासाठी मात्र आपल्या फॉर्मवर रकानाच छापलेला नाही.

आणि नाटकाचं कारण दाखवलं की आपण किती उदार होतो! 1882 साली किर्लोस्कर मंडळींचं ‘संगीत सौभद्र’ आलं. त्यात भाऊराव कोल्हटकर सुभद्रा व्हायचे आणि ह्या भावड्याच्या गळ्यावर नि रूपावर अख्खा महाराष्ट्र लट्टू होता. दोनच वर्षांनी, 1884 साली, अलाहाबाद हायकोर्टापुढे खैराती नावाच्या माणसाचा खटला आला. पोलिसांचं लक्ष त्याच्याकडे गेलं ते तो बाईच्या वेषात, बायकांमध्ये बसून गाताना दिसला म्हणून. त्याला पकडलं, वैद्यकीय तपासणी केली, ‘अनैसर्गिक’ संभोगाचं कलम 377 लावलं, खालच्या कोर्टाने शिक्षाही ठोठावली. हायकोर्टाने सोडलं, कारण गुन्हा कधी, कुठे, कुणाबरोबर घडला हे सरकारला सांगताच येईना. भाऊरावही गात होते, खैरातीही गात होता. खैरातीच्या गाण्याला तिकीट नव्हतं, ही त्याची चूक.

इंग्रज तर ह्या बाबतीत फारच नेटके. त्यांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ‘नपुंसक’ ठरवून नोंदवलेल्या माणसांसाठी वेगळा भाग होता. असा माणूस बाईच्या कपड्यांत वा दागिन्यांत रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. रस्त्यावर नाही, दुसऱ्या एखाद्या जागी आहे, पण रस्त्यावरून लोकांनी बघावं अशा हेतूने नटून उभा आहे? तरीही तेच. साडीच्या आतला हेतू खिडकीबाहेरच्या शिपायाने ओळखायचा. राज्य गेलं, शिपाई गेला, खिडकीतून डोकावायची ती जागा हौसिंग सोसायट्यांनी भरून काढली. त्याकडे येतोच.

बालगंधर्वांवाचून हा विषय पुढे सरकत नाही. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि पुढची कित्येक वर्षं ह्या माणसाने कुठल्या प्रवेशात कुठला शालू नेसला, पदर कसा घेतला, नथ कशी होती, केसांत फूल कुठे माळलं, हे बघून बायका घरी जाऊन आरसा धरायच्या. साडी कशी नेसावी ह्याचे धडे महाराष्ट्रातल्या घरंदाज स्त्रियांनी नारायण श्रीपाद राजहंस ह्या गृहस्थांकडून घेतले, आणि त्यांच्या नवऱ्यांनी त्या धड्यांची तिकिटं काढली. त्याच काळात खऱ्या बाईने साडी नेसून रंगमंचावर उभं राहणं हे मात्र अब्रूला धक्का लावणारं होतं. 1933 साली नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हा त्याची गणना धाडसात झाली. बाईचं काम पुरुषाने केलं तर सभ्यता आणि बाईने केलं तर धाडस, हे गणित आपल्या आजोबांना अगदी सरळ वाटायचं. पुढे 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले, पुरुषाच्या वेषात. चाहत्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. ह्या एका माणसाला लोकांनी कारण विचारलं ते धोतर नेसल्यावर!

मग 1988. ‘अशी ही बनवाबनवी’. पुण्यात खोली हवी, घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून सचिनचा सुधीर सुधा होतो आणि लक्ष्मीकांत बेर्डेचा परश्या पार्वती. हा सिनेमा आपल्याकडे टीव्हीवर लागत नाही असा महिना नसेल. आजी, नातू, जावई, सगळे एका सोफ्यावर बसून बघतात, पुढचा संवाद आधीच म्हणतात. म्हणजे पुण्यात साडी नेसल्यामुळे जागा मिळू शकते ह्यावर आपला गाढ विश्वास आहे. खऱ्या पुण्यात नियम उलटा. एकट्या भाडेकरूच्या कपाटात साडी सापडली की महिनाअखेर जागा सोडायची. नियम मोडला की नाही हा प्रश्न नसतो. साडी बहिणीची आहे एवढं सांगायला बहीण हजर करता येत नाही, हा असतो.

टीव्हीवर तर ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम, सागर कारंडे मंडळी वर्षानुवर्षं साड्या नेसत होती आणि आपण वरणभात जेवत होतो. विनोदाचं कारण सर्वांत भक्कम. मात्र अट अशी, की साडीतला पुरुष बेंगरूळ दिसला पाहिजे. चुकून चांगला दिसला की हसणं जरा अडखळतं.

देवाचं कारण असेल तर बोलायलाच नको. यल्लम्माचे जोगते साडी नेसून परडी घेऊन दारात आले की त्यांना नमस्कार होतो. कोकणात शिमग्याला संकासुराबरोबर गोमू नाचते, ती गावातलाच कुणीतरी पोरगा असतो. अहमदाबादच्या ‘सादू माता नी पोळ’ ह्या गल्लीत नवरात्रातल्या अष्टमीला बारोट समाजाचे पुरुष साड्या नेसून गरबा खेळतात. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या कोट्टनकुलंगरा देवळात तर उत्सवाच्या रात्री हजारो पुरुष साडी, गजरा, दागिने अशा थाटात हातात दिवे घेऊन उभे राहतात. बायका आपल्या नवऱ्यांना, आया आपल्या मुलांना हौसेने नटवून देतात. दुसऱ्या दिवशी ह्यातला कुणी त्याच साडीत किराणा आणायला गेला तर काय होईल, हे देवीलाही विचारू नये.

तर ज्यांच्याकडे तिकीट नाही, नवस नाही, विनोदबुद्धीचं मानधन नाही, अशा साध्या क्रॉसड्रेसर माणसांनी खरेदी कशी करावी? ही माणसं तृतीयपंथी असतीलच असं नाही, समलिंगी असतीलच असंही नाही. बरेचसे बँकेत, शाळेत, आयटीत कामाला असतात, ईएमआय भरतात, मुलांना क्लासला सोडतात आणि कधीतरी दार लावून, तासभर, साडी नेसतात. त्यांच्यापाशी दुकानात सांगायला ठरलेली दोन कारणं असतात. एक, “मिसेससाठी.” वहिनींची उंची किती? माझ्याएवढीच. आणि अंगाने? तेही माझ्याएवढ्याच. दुसरं, “ऑफिसच्या गॅदरिंगला नाटक आहे.” साडीवाल्यांना सांगितलेली ही सगळी गॅदरिंगं खरोखर झाली असती, तर मराठी रंगभूमीला सरकारी अनुदानाची गरज पडली नसती.

विक्रेत्याला कळतं का? चांगलं कळतं. इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघून किंमत सांगणाऱ्या माणसाला कुणाचे डोळे कशावर खिळले हे कळत नसेल तर त्याने दुकान बंद करावं. पण तो चेहऱ्यावरची रेषही हलू न देता “वहिनींना हा रंग उठून दिसेल” म्हणतो आणि फॉल-पिको करून ठेवू का विचारतो. माझ्या मते महाराष्ट्रात खरा पुरोगामी कुणी उरला असेल तर हा. त्याने कुठल्या परिसंवादात भाषण केलेलं नाही. तो ‘का?’ विचारत नाही, ‘बजेट काय?’ विचारतो. त्याच्या पुरोगामित्वाला मर्यादा आहेत, हे खरं. दसरा-दिवाळीची गर्दी असेल आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, तर तो बजेटही विचारायचा थांबतो. पण एरवीच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता एवढा समजूतदार माणूस सरकारी कार्यालयात सापडणार नाही.

साडी सुटते, अडतं ते ब्लाउजपाशी. साडीला माप नसतं. ब्लाउजला असतं आणि टेलर म्हणतो मापाचा ब्लाउज आणा. पहिला ब्लाउज शिवायला आधीचा ब्लाउज हवा. चपलांची वेगळीच रड. बायकांच्या चपला आठ नंबरच्या पुढे सहसा मिळतच नाहीत, त्यामुळे उंच बायका आणि हे पुरुष एकाच दुकानातून एकाच वेळी हात हलवत बाहेर पडतात. आणि मॉलमधली ट्रायल रूम! चार खोके, प्रत्येकाला दार, दाराला कडी, आत एका वेळी एकच माणूस. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. तरी दारावर पोरगी उभी: “सर, जेन्ट्स तिकडे.” तिकडे गेलं तर तिकडचा पोरगा हातातला कुर्ता बघून म्हणतो, “सर, हा लेडीज आहे.” खाली जूनमध्ये ह्याच मॉलने दारावर इंद्रधनुष्य लावलेलं असतं. त्याची सेल्फी घ्यायला हरकत नाही.

ऑनलाइनने हा सगळा जाच निम्म्यावर आणला. अ‍ॅप काहीच विचारत नाही. विचारतं ते परत करताना: माप लहान, रंग वेगळा, की आवडलं नाही? ‘आवडलं नाही’ हा पर्याय तिथे आहे, हे बघून बरं वाटतं. उरतो पार्सलचा प्रश्न. ते आईच्या हाती पडू नये म्हणून ऑफिसचा पत्ता द्यायचा आणि ऑफिसात कुणी फोडू नये म्हणून दिवसभर रिसेप्शनवर नजर ठेवायची. त्यातूनही बऱ्याच जणांना अधूनमधून अपराधाची उबळ येते. साड्या, विग, कानातले, सगळं काळ्या पिशवीत भरून रात्री लांबच्या कचराकुंडीत नेऊन टाकतात, पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घेतात आणि थोड्या दिवसांनी सगळं नव्याने खरेदी करतात. अपराधीपणाएवढा बाजाराला उठाव देणारा सण नाही.

बायकांचं काय? गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत फेटा बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसतात, पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. फेटा पुरुषाचा, बुलेट पुरुषाची, पण तक्रार नाही, कारण बाईने पुरुषाचं काही घेतलं की आपण ती बढती मानतो. पुरुषाने बाईचं घेतलं की पदावनती. आणि पदावनती कुणी स्वतःहून मागितली की चौकशी बसतेच. आपल्याकडे पुरुषासाठी उघडपणे बांगड्या विकत घेतल्या जातात त्या मोर्चात, कामचुकार साहेबाला आहेर करायला. त्यातल्या बऱ्याच मोर्च्यांच्या पुढे बायकाच असतात आणि त्यांच्याही हातांत बांगड्या असतात.

कायदा विचाराल तर तो ह्या सगळ्यांच्या बराच पुढे जाऊन बसला आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात निकाल दिला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री ह्यांच्यापुढचं प्रकरण तृतीयपंथीयांच्या हक्कांचं होतं. पण आपली लिंगओळख वेषातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे आणि राज्यघटनेत सांगितलेले निर्बंध सोडले तर कुणी काय घालावं ह्यावर बंदी आणता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. निकाल मोठा आहे. सोसायटीच्या नोटीसफलकावर मावत नाही.

त्या फलकावर सध्या दुसरा कागद आहे. बी विंगमधल्या एका सभासदाच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल, घरात कुणी बाई राहत नसताना ते तिथे कसे, ह्याचा खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा सोसायटीतल्या ‘फॅमिली वातावरणा’चा विचार करून पुढील कार्यवाही होईल. खाली सचिवांची सही. सचिव गेल्या गणपतीत ‘मोरूची मावशी’मधली मावशी झाले होते. बायकोची लग्नातली पैठणी नेसून. पहिलं बक्षीस. ढाल ऑफिसातच आहे, खुलासा आणून द्याल तेव्हा टेबलावर दिसेल.