नकाराचे शास्त्र : कर्वेनगरवासीयांसाठी कुकी-मार्गदर्शन

नकार देणे कर्वेनगरात कोणाला शिकवावे लागत नाही. वॉटर प्युरिफायर विकायला आलेला तरुण, लिफ्टच्या रंगासाठी जादा वर्गणी मागणारा सेक्रेटरी, 'गाडी दहाच मिनिटं लावतो' म्हणणारा परका, या सर्वांना येथील नागरिक हातातला चहा न सांडता वाटेला लावतो. ज्यांचे नाव या नगराला आहे ते धोंडो केशव कर्वे 1893 मध्ये विधवेशी विवाह करून आपल्या मुरुड गावाच्या बहिष्काराला पुरून उरले. त्यांच्याच नावाच्या या नगरात आज माणूस बातमी वाचायला मोबाईल उघडतो आणि 'ॲक्सेप्ट ऑल' या निळ्या बटणापुढे दोन सेकंदांत शरण जातो. प्रस्तुत मार्गदर्शन या विसंगतीच्या निवारणार्थ आहे.

प्रथम पूर्वपीठिका. वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नसते; एक पान दाखवले की ती आपल्याला विसरते. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. साइटने आपल्या ब्राउझरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या खेपेस ती पाहून आपल्याला ओळखावे. हीच कुकी. ज्याने ठेवली त्यालाच ती वाचता यावी, अशी योजना होती. जाहिरात कंपन्यांनी त्यातूनही वाट काढली. त्यांच्या जाहिराती असंख्य साइटवर असतात. आपण कुठेही गेलो तरी चिठ्ठी ठेवणारा आणि वाचणारा तोच. ही थर्ड-पार्टी कुकी. म्हणून एका दुकानात पाहिलेला गुडघ्याचा पट्टा पंचांगापासून क्रिकेटच्या स्कोअरपर्यंत मागे येतो. (सूनबाईंच्या देखत लॅपटॉप उघडणाऱ्यांनी पट्ट्याच्या जागी अन्य वस्तू कल्पावी.)

आता विधी. निळे बटण सोडून शेजारचे फिकट, वाचताही येऊ नये असे 'मॅनेज ऑप्शन्स' शोधावे. आत बहुधा सर्व बटणे बंद दिसतील. तेवढ्यावर समाधान मानू नये. अनेकदा शेजारीच 'लेजिटिमेट इंटरेस्ट' नावाचा दुसरा कप्पा असतो आणि त्यात तीच जाहिरातदार मंडळी आधीच चालू करून बसवलेली असतात. एकेकाला उठवावे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी जेवढा वेळ हुज्जत घालतो, त्याच्या निम्म्यात हे होते.

त्याहून सोपे म्हणजे ब्राउझरलाच कायमचे बजावून ठेवणे. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, ब्लॉक. सफारी आणि फायरफॉक्स हा बंदोबस्त न सांगताही करतात. गूगलने या कुकीज दोन वर्षांत बंद करू असे 2020 मध्ये जाहीर केले, कर्वे रस्त्याच्या कुठल्याही कामाला शोभतील अशा मुदतवाढी घेतल्या आणि 2024 मध्ये बेतच सोडला. इन्कॉग्निटो खिडकीवरही विसंबू नये. ती बंद करताना चिठ्ठ्या फाडते, पण आपण कुठे गेलो हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसायचे ते दिसतेच.

कायदाही आपल्या बाजूने आहे, सवडीने. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य तरतुदींना त्यापुढे आणखी 18 महिने.

एवढे करूनही खरा धोका बाजूलाच राहतो. पट्ट्याची जाहिरात फार तर लाज काढते. लॉगिनची कुकी घर साफ करते. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी दिला की साइट 'हा तोच' अशी चिठ्ठी देते. ती कोणी उचलली तर बहुतेक ठिकाणी त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर म्हणून उतरवलेले भलतेच सॉफ्टवेअर नेमकी हीच चिठ्ठी पळवते. आणि कॉलेजपाशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपला मेल उघडणारे, आधार कार्डाची प्रिंट मिळताच सुटे पैसे मोजून घेऊन निघणारे सद्गृहस्थ तर ती चिठ्ठी स्वतःच टेबलावर ठेवून येतात. खिडकी बंद करणे म्हणजे लॉग आउट नव्हे. घरी आल्यावर आठवले तर मोबाईलवर गूगल खात्यातील उपकरणांची यादी उघडून त्या परक्या कॉम्प्युटरला तिथूनच बाहेर काढावे.

शेवटी महास्वच्छता, म्हणजे सर्व कुकीज पुसणे. हे अंगात आल्यासारखे करू नये. आपण कष्टाने दिलेले नकारही साइट कुकीतच लिहून ठेवतात. ते पुसले गेले की प्रत्येक साइट निळे बटण घेऊन नव्याने दारात उभी. शिवाय मेल, वीजबिल, रेल्वे, सर्वत्र पुन्हा लॉगिन. रविवारी दुपारी तर हा विधी मुळीच करू नये. तेव्हा न्यू जर्सीत पहाट असते, मुलगा झोपलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतात.